विश्लेषण : वर्षानुवर्षे उभी असलेली रोड बाइक लोहगडवाडीच्या घाटात नेण्याआधी काय तपासावे?

जुलै २०२५ मध्ये लोहगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने देशोदेशीचे सायकलपटू पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर उतरले आणि त्यात मुळशी-मावळचा टप्पाही होता. अशा बातम्या वाचल्या की अनेकांना जिन्याखाली, गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असलेली आपली जुनी रोड बाइक आठवते. टायरमध्ये हवा भरली, चेनला तेल सोडले की ती चालूही लागते. ती सहज चालते म्हणूनच जपायला हवे. पाच-सात वर्षे उभ्या सायकलमध्ये सर्वात आधी निकामी होतात ते तिला थांबवणारे भाग, आणि सोसायटीच्या आवारात मारलेल्या दोन चकरांमध्ये ते लक्षातही येत नाही.

लोहगडवाडीच्या रस्त्यावर नेमकी कसोटी कशाची?

लोहगडवाडी हे लोहगडाच्या पायथ्याचे गाव. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरील मळवली स्थानकाकडून भाजे गावावरून येणारा रस्ता गायमुख खिंडीतून वाडीत पोहोचतो. दुसरी वाट पवनानगरच्या बाजूने, दुधिवरे खिंडीकडून येते. दोन्हीकडे चढ आहे, वळणे आहेत, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्याही.

चढताना सायकल बिघडली तर माणूस उतरून ढकलत नेतो. उतरताना बिघडली तर तेवढी सवड मिळत नाही. सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो धरले, तर १०० मीटर उंची उतरताना सुमारे ७८ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाव लिटर पाणी उकळायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. तिचा काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण खाते. वेग आटोक्यात ठेवायचा तर उरलेली सारी ऊर्जा ब्रेकच्या बोटभर लांबीच्या चार रबरांनी आणि रिमने उष्णतेच्या रूपात झेलायची असते.

ब्रेक थोडे सैल असले तर किती फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. ताशी ३० किलोमीटर वेग आणि कोरडा, सपाट रस्ता असेल तर चांगल्या ब्रेकची सायकल साधारण ७ मीटरमध्ये थांबू शकते. रबर कडक झाले, वायर गंजली आणि ब्रेकची ताकद दोन पंचमांशांवर आली, तर तेच अंतर १८ मीटरच्या घरात जाते.

आता हाच हिशेब १० टक्के उतारावर, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर खाली नेणाऱ्या रस्त्यावर करून पाहू. चांगल्या ब्रेकचे ७ मीटर तिथे सुमारे ९ होतात. दुबळ्या ब्रेकचे १८ मीटर मात्र थेट ३५ होतात. कारण ब्रेकच्या उरल्यासुरल्या ताकदीपैकी निम्मी ताकद उताराच्या ओढीला तोंड देण्यातच खर्च होते. शिवाय समोरची गाडी दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी ८ मीटर जातात. घरासमोर ‘चालून जातील’ असे वाटणारे ब्रेक घाटात का चालत नाहीत, हे या आकड्यांवरून कळते.

न वापरता सायकल खराब का होते?

रबर वापराने झिजते, तसेच नुसत्या काळानेही म्हातारे होते. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात. हवा नसलेल्या टायरवर सायकल वर्षानुवर्षे उभी राहिली, तर खालचा भाग दुमडून तिथेच चिरतो. ब्रेकचे रबर वाळून काचेसारखे गुळगुळीत होते.

ग्रीसमधले तेल हळूहळू सुटून जाते आणि छर्ऱ्यांभोवती नुसता मेणचट थर उरतो. वायरच्या नळीत ओल शिरली की ती आतून गंजते. मावळात हे सारे जास्त वेगाने होते. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पावसाळ्याचे चार महिने बंद खोलीतल्या लोखंडालाही तांबेरा धरतो.

दुकानात नेण्याआधी घरी काय पाहावे?

पहिली पाहणी फुकट आहे, आणि पैसे घालायचे की नाही हे तिच्यावरच ठरते. सायकल ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून उजेडात ठेवावी आणि पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

▪ फ्रेम : हँडलखालचा जोड, पॅडलजवळचा जोड आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या नीट पाहाव्यात. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यातून गंज डोकावत असेल, तर तो तडा असण्याची शक्यता आहे. वरवरचा तांबेरा घासून जातो. टोकरल्यावर पापुद्रे निघत असतील तर धातू आतून खाल्ला गेला आहे.

▪ फोर्क म्हणजे चिमटा : बाजूने पाहताना तो मागे दबलेला दिसला, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. तो सरळ करून वापरू नये, बदलावा. चिमटा किंवा फ्रेम कार्बनची असेल आणि तिच्यावर खोल ओरखडा, फुगवटा किंवा मऊ लागणारी जागा असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय बसू नये. कार्बन वाकून सूचना देत नाही, ते एकदम तुटते.

▪ रिम : ब्रेकचे रबर जिथे घासते, त्या पट्टीवर बोट फिरवावे. पट्टी आत खोलगट लागली, तर रिम झिजलेली आहे. अशी रिम पूर्ण हवा भरल्यावर किंवा लांब उतारावर फाटू शकते.

▪ सीटची दांडी : दांडी अॅल्युमिनियमची आणि फ्रेम पोलादाची असेल, तर ओलाव्यामुळे दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. दांडी हलत नसेल तर हातोडा मारू नये. सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडून दोन-तीन दिवस थांबावे.

▪ चाके : उचलून फिरवावीत. रिम डावी-उजवीकडे लचकत असेल तर ‘आउट काढावे’ लागेल. तारा एकेक करून दाबाव्यात. सैल किंवा तुटलेल्या तारा दोन-चार असतील तर काम सोपे आहे. बऱ्याच असतील तर चाकाच्या खर्चाचा वेगळा विचार करावा.

सायकल दहा-बारा वर्षांपूर्वीची आणि महागडी असेल तर?

तर क्रँकचा क्रमांक आवर्जून पाहावा. शिमानो कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या काही ११ स्पीड रोड क्रँकसाठी जगभर तपासणी मोहीम जाहीर केली. हे क्रँक दोन पोकळ भाग चिकटवून बनवलेले आहेत, आणि काहींमध्ये तो जोड सुटून क्रँक तुटण्याचा धोका आढळला.

जून २०१२ ते जून २०१९ या काळात तयार झालेले अल्टेग्रा आणि ड्युरा-एस गटांतील क्रँक यात येतात. त्यांचे क्रमांक एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९०००, एफसी-आर९१०० आणि एफसी-आर९१००-पी असे असून ते क्रँकच्या मागच्या बाजूला कोरलेले असतात. जी सायकल २०२३ पूर्वीपासून उभीच आहे, ती या तपासणीतून गेलेली नसण्याचीच शक्यता अधिक. क्रमांक जुळला तर अधिकृत विक्रेत्याकडून तपासणी झाल्याशिवाय ती चालवू नये.

टायर कोणत्या मापाचा मागावा?

जुन्या सायकलींबाबत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘२८ चा टायर द्या’ एवढे सांगून भागत नाही. दूधवाले, पेपरवाले वापरत त्या काळ्या दणकट सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. आजच्या रोड बाइकच्या ७०० सी टायरलाही काही जण २८ इंची म्हणतात, पण त्याची रिम ६२२ मिलिमीटरची असते. जुन्या रेसर सायकलींचा ‘२७ गुणिले सव्वा’ हा टायर ६३० मिलिमीटरचा. म्हणजे नावाने २७ असलेला टायर २८ म्हणवणाऱ्या ७०० सीपेक्षा मोठा निघतो.

उपाय सोपा आहे. जुन्या टायरच्या बाजूला ‘२५-६२२’ किंवा ‘३२-६३०’ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. रुंदी थोडी वाढवता येते, पण ब्रेक आणि फ्रेमच्या मध्ये टायर घासणार नाही एवढी जागा आहे का, हे आधी पाहावे.

टायरसोबत ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टीही बदलावी. ही पट्टी वाळून सरकली की तारांची टोके ट्यूबला आतून टोचतात, आणि नवी ट्यूब पहिल्याच दिवशी पंक्चर होते. व्हॉल्व्हचाही प्रकार सांगावा. साध्या सायकलचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह, मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह आणि रोड बाइकचा बारीक, वर छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असे तीन प्रकार आहेत. शेवटच्या प्रकारासाठी पेट्रोल पंपावर अडॅप्टर लागतो. हवा किती भरायची हे टायरवर लिहिलेले असते. ती मर्यादा ओलांडू नये.

ब्रेकचे काय काय बदलावे?

उभ्या राहिलेल्या सायकलचे चारही रबर आणि दोन्ही ब्रेक वायर, नळीसकट, बदलून टाकाव्यात. सायकलच्या एकूण किमतीच्या मानाने हे भाग स्वस्त आहेत, आणि त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. वायर वरून चकचकीत दिसली तरी तिचा मुठीजवळचा, बोंडाला लागून असलेला भाग आत दडलेला असतो, आणि एकेक धागा तुटायला सुरुवात नेमकी तिथे होते.

नवे रबर पूर्णपणे रिमवर टेकले पाहिजे. टायरला लागले तर टायर कापला जातो, खाली घसरले तर तारांमध्ये जाते. वायर बसवल्यावर दोन्ही मुठी पूर्ण ताकदीने दहा-बारा वेळा दाबाव्यात. नवी वायर थोडी ताणते, त्यामुळे पुन्हा आवळावी लागते. मूठ हँडलला टेकत असेल तर ब्रेक तयार झालेला नाही.

रिम क्रोमची असेल तर एक पथ्य कायमचे पाळावे. ओल्या क्रोमवर रबराची पकड फारच कमी होते. अशी सायकल पावसाळ्यात घाटात नेऊ नये, मग ब्रेक कितीही नवे असोत. अॅल्युमिनियमच्या रिमवरही पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसले जाईपर्यंत ब्रेक उशिरा लागतो.

‘ओव्हरऑइलिंग’मध्ये नेमके काय होते?

ओव्हरहॉलिंगला सायकल दुकानांत दिलेले हे नाव अर्थालाही धरून आहे. यात पुढचे आणि मागचे हब, पॅडलमधला एक्सल आणि हँडलचा कप उघडून जुने ग्रीस धुतात, छर्रे तपासतात आणि नवे ग्रीस भरतात. छर्ऱ्यांवर खड्डे किंवा काळे डाग दिसले तर ते बदलतात. कपमध्येच खड्डे पडले असतील तर नुसते छर्रे बदलून उपयोग नसतो. नव्या सायकलींत बंद बेअरिंग असते. ते उघडत नाहीत, अख्खे बदलतात.

घरी करू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने सोडवायला गेले तर आणखी आवळते. दुसरे, गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल म्हणजे वंगण नव्हे. ते गंज सोडवते, पण छर्ऱ्यांमध्ये मारले तर असलेले ग्रीसही धुऊन काढते. ब्रेकच्या रबरावर किंवा रिमवर तर तेलाचा थेंबही पडू देऊ नये.

हँडल आणि त्याच्या दांडीचे बोल्ट काढून, गंज पाहून, आटे साफ करून पुन्हा बसवावेत. हलक्या धातूच्या भागांवर आवळण्याचे प्रमाण लिहिलेले असते, बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर. लांब पान्ह्याने जोर लावून आवळलेला बोल्ट सैल बोल्टइतकाच घातक ठरू शकतो.

चेन धुवावी की बदलावी?

पोलादी फूटपट्टीने मोजावे. चेनच्या २४ कड्यांची लांबी, एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंत, नवी असताना ३०४.८ मिलिमीटर म्हणजे बरोबर १२ इंच असते. ती ३०६.४ मिलिमीटरच्या आसपास गेली तर चेन बदलावी. ३०८ पर्यंत गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असण्याची शक्यता आहे, आणि त्यांच्यावर नवी चेन घसरते.

माप बरोबर असेल, पण कड्या वाळून ताठ झाल्या असतील, तर चेन काढून डिझेलमध्ये भिजवावी, घासावी, कोरडी करावी आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब सोडावा. वरवरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर मावळातली लाल माती तिथेच चिकटते. पेट्रोलने धुण्याचा मोह टाळावा. त्याची वाफ ठिणगीने पेटते.

खर्च कुठे थांबवावा?

आधी हेतू ठरवावा. जुनी सायकल जतन करणे आणि ती चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुण्यात कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकलींचा मूळ ऐवज पाहायला मिळतो. जतन करायचे असेल तर मूळ रंग, मूळ सीट, मूळ बिल्ला याला मोल असते. घाटात न्यायची असेल तर मूळ टायर आणि मूळ ब्रेक वायर यांना काहीच मोल नाही.

कंपनी बंद पडली म्हणून सायकल टाकून द्यायची गरज नाही. अॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातील उत्पादन ३ जून २०२० रोजी, नेमके जागतिक सायकल दिनाच्या दिवशी थांबले. पण टायर, रबर, वायर, चेन, छर्रे हे भाग कंपनीच्या नावावर नव्हे, तर मापावर मिळतात.

दुकानदाराकडून काम सुरू करण्याआधी भागांची यादी लिहून घ्यावी आणि तिचे तीन गट करावेत. पहिला, थांबवणारे आणि धरून ठेवणारे भाग : ब्रेक, टायर, चाके, हँडल. दुसरा, फिरणारे भाग : हब, पॅडलचा एक्सल, चेन. तिसरा, दिसणारे भाग : रंग, हँडलची पट्टी, नवी सीट. पैसे याच क्रमाने घालावेत. फ्रेम किंवा चिमट्याला तडा असेल तर पहिला रुपयाही घालू नये. फ्रेम ठीक असून दोन्ही रिम, दाते आणि क्रँक असे सारेच बदलावे लागत असेल, तर त्या यादीची बेरीज नव्या साध्या रोड बाइकच्या किमतीशी ताडून पाहावी.

पहिली फेरी कशी करावी?

पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर पुरेत. परत आल्यावर सर्व बोल्ट, ब्रेक वायर आणि तारा पुन्हा तपासाव्यात, कारण बसलेले भाग पहिल्या फेरीत थोडे सैल होतात. दुसऱ्या दिवशी २० किलोमीटर. त्यानंतर एखाद्या छोट्या उतारावर पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा लावून पाहावा. दोन्हींपैकी कोणताही एक ब्रेक एकट्याने सायकल थांबवू शकला पाहिजे. चाकांना झटपट उघडणारी तरफ असेल, तर ती नटसारखी फिरवून नव्हे, पूर्ण दाबून मिटवलेली आहे का, हे दर वेळी पाहावे.

हेल्मेटही सायकलसोबतच जुने झालेले असते. आपटलेले हेल्मेट वापरू नये, आणि अनेक उत्पादक ते साधारण पाच वर्षांनी बदलायला सांगतात.

लोहगडवाडीला जाताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. जुन्या महामार्गाने मळवलीपर्यंत यावे. जादा ट्यूब, टायर काढायचे चिमटे, पंप आणि अॅलन कीचा संच सोबत हवाच. रोड बाइकचे सुटे भाग खात्रीने मिळतात ते पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात. वाडीतून खाली निघण्याआधी टायर दाबून आणि दोन्ही मुठी ओढून पाहाव्यात. उतरताना ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी दोन्ही एकत्र लावून वेग कमी करावा, वळणानंतर सोडावे. मधे दोन ठिकाणी थांबून रिमजवळ हात न्यावा, रिमला न टेकवता. चांगलीच धग लागली तर ती निवेपर्यंत बसून राहावे.